ताकद वाढवण्याआधी : गाडीबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांत बहुतेकांनी पिकअपबद्दल विचारलं आहे. ब्रेक, टायर आणि अलाइनमेंट यांबद्दल मात्र फारच थोड्यांनी. म्हणून काही उत्तरांत विचारलेल्यापेक्षा न विचारलेल्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माझी २०२१ ची पोलो १.० टीएसआय आहे, सहा गिअरची मॅन्युअल, रनिंग ४८,००० किलोमीटर. दर आठवड्याला कसारा घाटातून ठाण्याला जाणं-येणं असतं, आणि अधूनमधून रविवारी वणीमार्गे सापुतारा. गॅरेजवाल्याने दोन लाखांत स्टेज वन रीमॅप, कोन फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट, लोअरिंग स्प्रिंग आणि १८ इंची अलॉय असं पॅकेज सांगितलं आहे. घ्यावं का?
*– वाचक, गंगापूर रोड*

उत्तर : पॅकेज घेऊ नका. त्यातलं रीमॅप (इंजिनच्या कंट्रोल युनिटमधलं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) चांगलं आहे, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगबद्दल विचार करता येईल, बाकीच्या तीन गोष्टींनी गाडी आहे त्यापेक्षा वाईट होईल. आणि ज्यावर पहिला पैसा जायला हवा ते ब्रेक या यादीत नाहीतच.

इगतपुरीहून कसाऱ्याला उतरताना गाडी काही किलोमीटरांत सुमारे तीनशे मीटर खाली येते. उतरताना मिळालेली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जाते, आणि तुमच्या गाडीला मागे ड्रम असल्यामुळे बराचसा भार पुढच्या दोन डिस्कवर पडतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पाणी शिरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल पायाखाली मऊ होत तळाला जातं. चार वर्षांत ऑइल बदललेलं नसेल तर आधी ते बदला. डॉट ५.१ घेतलंत तर ताज्याला २६० आणि जुन्याला १८० अशी किमान मर्यादा मिळते, आणि ते डॉट ४ च्या सिस्टिममध्ये चालतं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नाव सारखं वाटलं तरी ते टाकायचं नाही. एक लिटर पुरतं. चारही चाकांवरून जुनं ऑइल पूर्ण काढायला सांगा. नुसती वरची टाकी उपसून भरणं म्हणजे बदलणं नव्हे.

पॅड बदलताना डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून घ्या. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा आणि त्यांना ब्रेकसाठीचंच सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबर फुगतं, पिन अडकते आणि एकाच बाजूचा पॅड झिजतो. पॅडवर घर्षणाची दोन अक्षरं छापलेली असतात. एफएफ म्हणजे घर्षणांक ०.३५ ते ०.४५, रस्त्यासाठी हे उत्तम. रेसचे पॅड थंड असताना पकडत नाहीत, सकाळी घराबाहेर पडल्यावरचा पहिलाच ब्रेक दगा देतो. नवे पॅड बसवल्यावर पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा वेग कमी करा, दर वेळी मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या, मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा. ब्रेक तापलेले असताना त्यावर पाय दाबून गाडी उभी ठेवू नका. पॅडचा थर डिस्कवर एका जागी चिकटतो आणि नंतर स्टिअरिंग थरथरतं.

आता अलॉय. तुमचा मूळ टायर १९५/५५ आर १६, म्हणजे चाकाचा व्यास साधारण ६२१ मिलिमीटर आणि टायरची भिंत १०७ मिलिमीटर. १८ इंचात २१५/४० घेतला तर व्यास ६२९ होतो, तेवढं चालेल, पण भिंत ८६ वर येते. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही. त्यात ८६ मिलिमीटरची भिंत रिमपर्यंत दाबली जाते आणि टायरला फुगा येतो किंवा रिम वाकते. शिवाय मोठं अलॉय बहुधा जड असतं, त्यामुळे पिकअपही घटतो. १७ इंचात २१५/४५ हा शेवटचा शहाणा पर्याय (व्यास ६२५, भिंत ९७). आमचा सल्ला मात्र १६ इंचच ठेवून चांगल्या प्रतीचे टायर घेण्याचा. घाटातली पकड रबर देतं, रिमचा आकार नाही.

तरीही अलॉय बदलायचेच असतील तर चार गोष्टी तपासा. बोल्टची मांडणी ५×१००. हबचं भोक ५७.१ मिलिमीटर, बाजारच्या अलॉयचं भोक मोठं असेल तर मधली रिंग हवीच, नाहीतर ताशी ९० च्या पुढे थरथर येते आणि कितीही बॅलन्सिंग केलं तरी जात नाही. तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टची बैठक गोलाकार असते, बाजारातल्या बऱ्याच अलॉयची शंकूच्या आकाराची. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत घट्ट लागल्यासारखा वाटतो, पण फक्त एका कडेवर टेकतो आणि चालता-चालता सैल होतो. अलॉयबरोबर त्याच बैठकीचे एम १४×१.५ बोल्ट घ्या. आणि शेवटचं : आवळताना टॉर्क रेंचवर १२० न्यूटन-मीटर, ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासणी. न्यूमॅटिक गनने आवळून सोडू देऊ नका.

लोअरिंग स्प्रिंग ३० मिलिमीटरपेक्षा खालची नको, आणि मूळ शॉकअॅब्सॉर्बरवर फक्त स्प्रिंग बदलणंही नको. ४८,००० किलोमीटर चाललेला शॉक कडक स्प्रिंग सावरू शकत नाही, गाडी खड्ड्यावर उसळत राहते. स्प्रिंग आणि शॉक एकमेकांसाठी बनवलेला जोड घ्या, त्याबरोबर वरचे माउंट आणि बेअरिंगही नवे. बसवताना एक चूक हमखास होते : गाडी लिफ्टवर लटकत असतानाच लोअर आर्मचे बोल्ट पूर्ण आवळतात. मग चाकं जमिनीवर आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा आवळ द्यायचा. नंतर अलाइनमेंट, आधीचा आणि नंतरचा छापील रिपोर्ट मागून घ्या. मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकांना जोडणारा एकच दांडा) असल्याने मागच्या चाकांचे कोन फिरवता येत नाहीत. ते बिघडलेले दिसले तर बीम वाकलाय किंवा हब-बेअरिंग गेलंय, हे समजा.

कोन फिल्टर, म्हणजे डब्याशिवायचा शंकूसारखा एअर फिल्टर, बोनेटखालची गरम हवा ओढतो. टर्बो गाडीला गरम हवा म्हणजे तोटाच, आणि रस्त्यांची कामं चालू असलेल्या आपल्या भागात धूळ इंजिनात जाते ती वेगळी. मूळ डब्यात नवा कागदी फिल्टर टाका. एक्झॉस्टबद्दल शेवटच्या प्रश्नात लिहिलं आहे.

राहिलं रीमॅप. मूळ इंजिन ११० पीएस ताकद आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. तुमचा गिअरबॉक्स २०० न्यूटन-मीटरच्या वर्गातला. म्हणजे ट्यूनरने २३० चा आलेख दाखवला तर तो गिअरबॉक्स आणि क्लच यांच्या खर्चाने आलेला आहे. २०० च्या आसपास थांबणारा, आणि २,००० आरपीएमच्या खाली टॉर्क हळू चढवणारा मॅप मागा. घाटात पाचव्या गिअरमध्ये १,५०० वर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर अशा लहान डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटण्याचा धोका असतो. एक-दोन जोरदार ठोक्यांतही पिस्टनचा कडा तुटू शकतो. यासाठी एपीआय एसपी दर्जाचं इंजिन ऑइल वापरा (कंपनीच्या पुस्तिकेतली मान्यताही त्यावर हवीच) आणि खालच्या गिअरमध्ये चढा.

आणखी एक बाब स्थानिक. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण ७ टक्के कमी. तेवढाच बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) देण्यासाठी टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते. मुंबईत बसवलेला मॅप तिथे व्यवस्थित चालला तरी इथे मे महिन्यात तपासायलाच हवा. ट्यूनरला इथल्या रस्त्यावरचा लॉग द्या : मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, आत येणाऱ्या हवेचं तापमान, आणि प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन किती अंश मागे घेतलं जातंय. एखादा सिलिंडर सतत चार-पाच अंश मागे जात असेल तर मॅप जास्त आक्रमक आहे, पेट्रोल कमी ऑक्टेनचं आहे किंवा त्या सिलिंडरचा प्लग गेला आहे. नवे प्लग टाकताना गॅप ट्यूनरने सांगितलेलाच ठेवा, साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर, आणि फीलर गेजने मोजा. मॅप ९५ ऑक्टेनचा मागा. १०० ऑक्टेनचा मॅप टाकला आणि रस्त्यात ते पेट्रोल मिळालं नाही की इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद काढून घेतं.

रीमॅपच्या आधी क्लचची परीक्षा घ्या. मोकळ्या, सरळ रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये २,००० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा उडी मारून पुढे गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. तो बदलल्याशिवाय रीमॅप नाही.

प्रश्न : व्हर्टस जीटी, १.५ लिटर, डीएसजी. गाडी वॉरंटीत आहे. ट्यूनर ३२० न्यूटन-मीटरपर्यंत नेतो म्हणतो. गिअरबॉक्स टिकेल का?
*– वाचक, इंदिरानगर*

उत्तर : डीएसजी म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तुमच्या गाडीतला सात गिअरचा डीक्यू २०० कोरड्या क्लचचा आहे आणि त्याची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. इंजिन मुळातच २५० देतं. कंपनीने पूर्ण मर्यादा वापरली आहे, वर शिल्लक काही नाही. ओल्या क्लचच्या डीएसजीत ऑइल उष्णता वाहून नेतं, इथे ते काम फक्त हवा करते. मुंबई नाका ते द्वारका या संध्याकाळच्या गर्दीत गाडी वीत-वीत सरकते तेव्हा क्लच सतत अर्धवट लागलेला असतो आणि तापतो. त्यावर ३२० चा भार टाकला तर आधी पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर येईल, मग घसरणं.

वॉरंटीत असेपर्यंत मॅप टाकूच नका. इंजिनच्या कंट्रोल युनिटमध्ये किती वेळा सॉफ्टवेअर लिहिलं गेलं याची नोंद राहते. मूळ फाइल परत टाकली तरी ती पुसली जात नाही. फोक्सवॅगन समूहाच्या यंत्रणेत अशा गाडीवर ‘टीडी १’ ही खूण बसली की इंजिन-गिअरबॉक्सचा वॉरंटी दावा नाकारला जाऊ शकतो.

गर्दीत पुढच्या गाडीशी दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, मग ब्रेक एकदम सोडा म्हणजे क्लच पूर्ण लागतो. चढावर ॲक्सिलरेटरने गाडी धरून ठेवू नका, ब्रेक लावा. वळणावरची मजा वाढवायची असेल तर चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि नेमकं अलाइनमेंट एवढ्यावर ही गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलते.

प्रश्न : सिन्नरहून समृद्धीवर चढून नागपूरला जायचं आहे. सिमेंटच्या रस्त्यावर टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवावी असं सगळे सांगतात. खरं आहे का?
*– वाचक, नाशिकरोड*

उत्तर : उलट आहे, आणि हा गैरसमज जीव घेणारा आहे. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते. ताशी १२० ने तासन्‌तास वाकत राहिली की आतून तापते, आतले थर सुटतात आणि टायर फुटतो.

दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत हवेचा तक्ता असतो. त्यात पूर्ण प्रवासी आणि सामानासाठी वेगळा, जास्तीचा आकडा दिलेला असतो. लांबच्या प्रवासाला तोच धरा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की दाब सुमारे १ पीएसआयने वाढतो. पहाटे २० अंशांना ३३ भरलेली हवा दुपारी चाळिशीत नुसत्या हवामानाने ३६-३७ दाखवेल, चालून तापल्यावर आणखी थोडी जास्त. हे हिशेबात धरलेलं असतं. पंपावर थांबून ती ‘जादा’ हवा काढली तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा होतो आणि पुढचा प्रवास त्यावरच होतो.

टायरवर चार अंकी तारीख असते, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर नक्षी शिल्लक असली तरी अशा प्रवासाला नको. स्टेपनीची तारीखही बघा, ती सर्वांत जुनी निघते. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर लागते, पावसाळ्यात ३ च्या खाली गेल्यावर पाण्यावर गाडी तरंगू लागते. नायट्रोजन मिळाला तर ठीक, नाहीतर साधी हवा चालते.

प्रश्न : गाडीत डॅशकॅम, अॅम्प्लिफायर आणि पायाजवळचे दिवे बसवले. आता चार-पाच दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. शोरूमवाले नवी बॅटरी घ्या म्हणतात.
*– वाचक, सिडको*

उत्तर : आधी गळती मोजा. बंद गाडीने ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट घेऊ नये. तुमची २०० घेत असेल तर दिवसाला ४.८ अँपिअर-तास जातात आणि ६० च्या बॅटरीतला निम्मा साठा सहा दिवसांत संपतो.

मोजायची पद्धत अशी. बोनेट उघडा आणि त्याची कडी स्क्रू-ड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, म्हणजे गाडीला बोनेट बंद आहे असं वाटेल. गाडी लॉक करा, चावी लांब ठेवा, अर्धा तास थांबा. आतली युनिट झोपायला तेवढा वेळ लागतो. मग डीसी मिलिअँपिअर मोजणारा क्लॅम्प मीटर बॅटरीच्या निगेटिव्ह वायरवर लावा. आकडा मोठा आला तर जोडलेल्या वस्तूंचे फ्यूज एकेक काढा. ज्याने आकडा पडतो तो गुन्हेगार. काम झाल्यावर कडी पुन्हा मोकळी करूनच बोनेट बंद करा.

बहुतेक वेळा अॅम्प्लिफायरची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) कायम चालू असलेल्या जागी जोडलेली सापडते. ती इग्निशनबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवर न्या. डॅशकॅमला व्होल्टेज पाहून बंद होणारं हार्डवायर किट लावा आणि मर्यादा १२.२ व्होल्टवर ठेवा. तिथे बॅटरी जवळपास निम्मी उरलेली असते. वायर कापून पिळून चिकटपट्टी लावणं बंद करायला सांगा, फ्यूजच्या जागेतून जोडणी घेणारा फ्यूज टॅप वापरा. एअरबॅगच्या फ्यूजला हात लावायचा नाही. पुढच्या खांबातून वायर नेताना ती पडद्याच्या (खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या) एअरबॅगच्या मागून न्या, पुढून नेली तर एअरबॅग उघडताना अडकते. हाच नियम सीटकव्हरला : सीटमध्ये साइड एअरबॅग असेल तर तिथली शिवण मोकळी सुटणारं कव्हरच घ्या.

प्रश्न : माझी दोन सीटची परदेशी गाडी गतिरोधकावर पोटाला घासते. उंची वाढवता येईल का?
*– वाचक, कॉलेज रोड*

उत्तर : स्प्रिंगखाली १० ते १५ मिलिमीटरचे रबरी पॅड बसतात, त्याहून जास्त नको. उंची वाढली की ॲक्सलचा कोन आणि चाकाचा टो (चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बदलतो, म्हणून अलाइनमेंट त्याच दिवशी. हवेच्या स्प्रिंग असतील तर पॅड नाही, सॉफ्टवेअरची उंची वापरा. ॲल्युमिनियमचं ऑइल पॅन उघडं असेल तर खाली स्टीलची पातळ प्लेट लावून घ्या, एका दगडाने इंजिन जाण्यापेक्षा ती फार स्वस्त पडते. गतिरोधकावर एकेक चाक तिरकं चढवा.

प्रश्न : यातलं कायदेशीर काय? पेठ रोडच्या आरटीओत नोंद करून एक्झॉस्ट आणि रंग बदलता येतो का?
*– वाचक, पंचवटी*

उत्तर : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

रंग प्रमाणपत्रात लिहिलेला असतो, त्यामुळे तो बदलायचा तर आधी परवानगी आणि नंतर नोंद. पूर्ण गाडीला वेगळ्या रंगाचं रॅप लावलं तरी तीच अडचण येते. एक्झॉस्टच्या नोंदीने मोठा आवाज कायदेशीर होत नाही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला तर प्रदूषणाचा गुन्हा आहेच, शिवाय मागचा ऑक्सिजन सेन्सर लगेच इंजिनचा दिवा पेटवतो. सेन्सर फसवण्याच्या युक्त्या सांगणाऱ्या गॅरेजपासून दूर राहा. कंपनीच्या मापाचे टायर, रस्त्यासाठीचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, प्लग, बुश, मूळ उंचीचे शॉक यांसाठी कोणाला विचारावं लागत नाही.

विमा वेगळा. अलॉय, म्युझिक सिस्टिम यांची किंमत जाहीर करून पॉलिसीत जोडून घ्या, थोडा जादा हप्ता पडतो. रीमॅप लपवलं आणि अपघातानंतर तपासणीत ते निघालं तर स्वतःच्या गाडीचा दावा अडकू शकतो. कळवायचं ते ईमेलने कळवा, उत्तर येईपर्यंत काम सुरू करू नका, आणि काढलेले मूळ भाग बिलांसह घरी ठेवा. गाडी विकताना किंवा तपासणीला ते परत बसवावे लागतात.